आकृतीसाठी कोरा कागद

परीक्षेच्या दिवसांत विद्यापीठातली सगळी माणसं त्यांना मोजणीबाई म्हणत. उरलेल्या दिवसांतही म्हणत, फक्त जरा हळू. शिकवायच्या त्या संख्याशास्त्र, पण नाव पडलं होतं वेगळ्याच कारणानं. जिना चढताना पायऱ्या मोजायच्या, बैठकीत कुलसचिव किती वेळा ‘म्हणजे काय की’ म्हणाले ते मोजायच्या, आणि कुणाच्या वाढदिवसाला केक कापायची वेळ आली की सुरी आपोआप त्यांच्याच हातात यायची. अशा बाईंना त्या वर्षी जुन्या सभागृहाच्या मुख्य पर्यवेक्षक म्हणून नेमलं आणि पहिल्याच दिवशी त्यांची मोजणी चुकली.

जुनं सभागृह ही आवारातली सगळ्यात जुनी इमारत. शहराबाहेरच्या खडकाळ माळावर विद्यापीठ सुरू झालं तेव्हा चार खोल्या, एक विहीर आणि हे सभागृह, एवढंच होतं. वाचनालय, मनोरा, वसतिगृहं, सगळं मागून आलं. सभागृहाची जमीन लाकडी, पायऱ्यापायऱ्यांनी मागे चढत गेलेली. बाक शहाण्णव. त्यातला सगळ्यात वरचा, खिडकीजवळचा बाक बैठक व्यवस्थेत कायम वगळलेला असायचा. का, ते कुणाला माहीत नव्हतं. कुणी म्हणे ऊन येतं, कुणी म्हणे पाय मोडलाय. ऊन तर अख्ख्या रांगेवर येत होतं, आणि बाकाचे चारही पाय धडधाकट होते.

त्या दिवशी सकाळी कोठारातून दोनशे पुरवण्या आल्या. वाटल्याची नोंद एकशे अडतीस. उरलेल्या मोजल्या तर एकसष्ट. बाईंनी पुन्हा मोजल्या, मग बोटाला पाणी लावून तिसऱ्यांदा मोजल्या. एकसष्टच.

“एक कमी आहे,” त्या म्हणाल्या.

सभागृहाचे शिपाईमामा सुतळी गुंडाळत होते. त्यांनी मानही वर केली नाही. “लिहा ‘खराब’. मी तीस वर्षं तेच लिहितोय.”

“खराब झालेली कुठाय मग?”

“गेली.”

“कुठे गेली?”

“खराब झाली म्हणजे गेलीच की, बाई.”

बाईंनी काही ‘खराब’ लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कमी. तिसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या नोंदवह्या मागवल्या आणि जेवणाचा डबा तसाच ठेवून वाचत बसल्या. बाकीच्या दालनांत एखादी पुरवणी कधीतरी फाटलेली, कधी शाई सांडलेली, आणि ती पुराव्याला वहीला टाचलेली. जुन्या सभागृहात मात्र प्रत्येक पेपरला एक खराब. विषय कुठलाही असो, मुलं कितीही असोत. टाचलेलं काहीच नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी नव्यानंच लागलेल्या गणिताच्या सरांना धरलं. वरच्या रांगा त्यांच्याकडे असत.

“सर, आज तुम्ही बावीस पुरवण्या नेल्या, नोंदी एकवीस आहेत. बाविसावी कुणाला दिलीत?”

सरांनी आठवून सांगितलं, “वर, खिडकीजवळ. हात वर झाला, दिली.”

“बैठक क्रमांक?”

सरांनी वही पाहिली, मग वर पाहिलं. खिडकीजवळचा बाक रिकामा होता. सकाळपासून रिकामाच होता. सर हसायला गेले, पण ते हसू अर्ध्यावरच अडलं.

“मॅडम, मी तिकडे नीट बघितलंच नाही. बघायची गरजच वाटली नाही. हात पुढे केला आणि कागद माझ्या बोटांतून ओढला गेला. अलगद. पण ओढला गेला, एवढं नक्की.”

बाईंच्या अंगावर काटा आला. तो जिरवायची त्यांची एकच पद्धत होती, नियम करायची. त्यांनी नियम केला: उद्यापासून वरच्या रांगेची पुरवणी फक्त मुख्य पर्यवेक्षक देईल.

दुसऱ्या दिवशी पेपर सुरू झाला आणि बाई पुरवण्या छातीशी धरून त्या बाकाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. पंच्याण्णव पेनांची खसखस, पंख्यांची घरघर, मधूनच एखादा खोकला. बाराला वीस कमी असताना त्यांच्या डोळ्याच्या कडेला काहीतरी हललं. बाकावरून एक हात वर येत होता. शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, मधल्या बोटाला निळी शाई. त्यांनी झटकन मान वळवली. बाक रिकामा.

मान सरळ केली. हात होता.

बाईंनी पुरवण्या छातीशी आवळल्या. मग त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “पुरवणी मिळणार नाही.”

खसखस थांबली. एकदम, सगळीकडे. मग पहिल्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत एकेक करून हात वर गेले. पंच्याण्णव हात, सगळे डावे. माना खाली, नजर कागदावर, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ज्यांच्या मूळ उत्तरपत्रिकेची अजून चार पानंही भरली नव्हती, त्यांचेही हात वर. गणिताचे सर भिंतीला टेकले. बाईंनी सवयीनं घड्याळ पाहिलं म्हणून कळलं, सगळे हात अकरा मिनिटं तसेच होते. मग जसे वर गेले तसेच खाली आले आणि लिहिणं सुरू झालं, मधे काही घडलंच नाही असं.

पेपर संपल्यावर त्यांनी दाराशी दोघातिघांना विचारलं. “हात? आम्ही कुठे हात वर केला?” फक्त एक मुलगी डावा खांदा चोळत म्हणाली, “मॅडम, तिथले बाक बदला हो. हात भरून येतो नुसता.”

सभागृह रिकामं झालं. मामा दार लावून आले आणि बाईंसमोर पायरीवर बसले. आजवर ते बाईंपुढे कधी बसले नव्हते.

“नाही द्यायचं असं करू नका, बाई. माझ्या आधीच्या मामांनी एकदा केलं होतं. त्यांनी मला चावी देताना एवढंच सांगितलं, की एक जाऊ द्यायची.”

“पण जाते कुठे?”

मामा उठले. वरच्या रांगेत खिडकीजवळच्या बाकामागे एक फळी होती. नखानं उचलली तरी निघाली. आत, पायऱ्यांखालच्या पोकळीत पुरवण्यांचा गठ्ठा होता. गठ्ठा कसला, रास होती ती. खालच्या पिवळ्या पडलेल्या, वरच्या पांढऱ्या, पण सगळ्या कडेला कड लावून रचलेल्या. धूळ नाही, जाळं नाही.

“तुम्ही वाचलंत?”

“मला वाचवेना. एकदा वरचं पान बघितलं, तर मी त्या सकाळी झाडताना जे गाणं गुणगुणत होतो ते लिहिलेलं. फळी लावून टाकली.”

बाईंनी सगळ्यात खालची पुरवणी काढली. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. मजकूर वाक्याच्या मध्यापासून सुरू होत होता: ‘…आणि म्हणून पूर्वेकडील उतारावर पाणी साचत नाही. विहीर सभागृहापासून चाळीस पावलांवर आहे.’ पुढे माळाची माती, वारा, चार खोल्या. मग पुढच्या पुरवण्यांत विद्यापीठ वाढत गेलं होतं. मनोरा कधी उभा राहिला. कुठल्या वर्षी मुलांनी दार अडवून तेरा दिवस वर्ग बंद पाडले, आणि पहिला दगड खरं तर कुणी मारला. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला आग लागली तेव्हा आतून कडी कुणी लावली होती. कुठला माळी कुठल्या वाफ्यात कोसळला आणि त्याला शेवटचं काय दिसलं. विद्यापीठाच्या छापील इतिहासात यातलं एक अक्षर नव्हतं. सगळं एकाच हातचं, एकाच शाईतलं. मजकुराच्या मधे जागोजाग पट्टीनं आखलेली एक चौकट, आणि ती रिकामी. प्रत्येक पुरवणीची शेवटची ओळ तीच: ‘आकृतीसाठी कोरा कागद मिळावा.’

सगळ्यात वरच्या पुरवणीवर कालची तारीख होती. ‘यंदा मुख्य पर्यवेक्षक बाई आहेत. त्या मोजतात. त्या आमच्या भूगोलाच्या सरांची मुलगी आहेत.’

बाई ती पुरवणी पर्समध्ये घालून घरी आल्या.

घरी त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. वडील सत्त्याऐंशीचे. विद्यापीठातले भूगोलाचे पहिले शिक्षक. विभागाच्या दारातच त्यांचा फोटो लावलेला. माणूस टापटिपीचा, अजून रोज दाढी, रोज इस्त्रीचा सदरा. दुपारी ते गॅलरीत बसून शब्दकोडं सोडवत असत. बाईंनी चहा ठेवला, कप त्यांच्या हाताशी आणून दिला आणि सगळं सांगितलं. वडील कोड्यावरून नजर न काढता ऐकत होते. मग बाईंनी पुरवणी पुढे केली.

अक्षर बघितल्याबरोबर वडिलांच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

“कोरा कागद,” ते म्हणाले. “मूर्ख आहोत आपण सगळे. पुरवणी नको होती त्याला. पुरवणीला रेघा असतात.”

“कुणाला, बाबा?”

चहावर साय धरली.

“तेव्हा भूगोलाच्या पेपरला आकृतीसाठी वेगळा कागद द्यायचो आम्ही. जाड, बिनरेघांचा. मुलानं हात वर केला की द्यायचा. तिसऱ्या वर्षाचा पेपर मीच काढला होता. शेवटचा प्रश्न होता, तुम्ही जिथे शिकलात त्या परिसराचं वर्णन करा, आकृतीसह. तो सगळ्यांत हुशार. वर खिडकीपाशी बसला होता, तिथून आवार दिसायचं म्हणून. त्याच दिवशी वाचनालयाच्या पायाभरणीला मोठे पाहुणे येणार होते. ते आले लवकर. मला चिठ्ठी आली, पेपर आवरा आणि मुलांना टाळ्या वाजवायला घेऊन या. मी घंटा दिली. त्यानं हात वर केलेला होता. म्हणाला, सर, आकृतीसाठी कागद. मी म्हटलं, वेळ संपली. तो म्हणाला, सर, अजून अकरा मिनिटं आहेत.”

“होती?”

“होती. माझ्या मनगटावर घड्याळ होतं ना. मी त्याच्या हाताखालून उत्तरपत्रिका ओढून घेतली आणि टाळ्या वाजवायला गेलो.”

“आणि तो?”

“त्या संध्याकाळनंतर तो कुणाला दिसला नाही. वाचनालयाच्या पायाचे चर खणून ठेवले होते, कडेला मातीचे उंच ढीग. कुणीतरी म्हणालं, तो वही घेऊन त्या ढिगावर चढताना दिसला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून चरांत काँक्रीट ओतलं. पोलिसांनी लिहून टाकलं, पेपर वाईट गेला म्हणून पळून गेला. त्याचे वडील आले होते माझ्याकडे. एवढंच विचारलं, सर, पेपर कसा गेला होता त्याचा? मी म्हटलं, वेळ संपेपर्यंत लिहीत होता.” वडिलांनी गॅलरीचा कठडा घट्ट धरला. “त्यानंतर त्या सभागृहात मी पाय ठेवलेला नाही. पर्यवेक्षण आलं की कुणाशी तरी अदलाबदल करायचो. तुझ्या कधी लक्षात आलं नाही. बाकी सगळं मोजतेस.”

त्या रविवारी सकाळी बाई वडिलांना घेऊन सभागृहात आल्या. वडिलांनी जाड, बिनरेघांचा कागद स्वतः दुकानात जाऊन बोटांनी चाचपून घेतला होता. मामांनी एका बाजूनं आधार दिला, बाईंनी दुसऱ्या. वडील एकेक पायरी चढत वर गेले आणि रिकाम्या बाकासमोर उभे राहिले. त्यांनी कागद बाकावर ठेवला आणि वरची कडा सरळ केली.

“वेळ आहे,” ते म्हणाले. आवाज वर्गातला होता, बाईंनी तो पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. “सावकाश काढ.”

मग ते खाली आले, फळ्यापाशी उभे राहिले आणि पर्यवेक्षकानं बघावं तसे वर बघत राहिले. बाईंना मात्र तिकडे बघवेना. त्या दाराकडे तोंड करून बसल्या. आधी काहीच नाही. मग कागदावर पट्टी सरकल्याचा आवाज आला. नंतर निबाची करकर, थांबून थांबून. मधे कुणीतरी नाक ओढलं, सर्दी झालेल्या माणसासारखं. मामांनी बाईंची ओढणी मुठीत धरली होती, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

अकरा मिनिटं झाली. वडिलांनी ‘वेळ संपली’ म्हटलं नाही. वीस झाली, पंचवीस झाली. ते बसले नाहीत. चौतीस मिनिटांनी करकर आपली आपणच थांबली, आणि वरच्या रांगेतून कुणीतरी पायऱ्या उतरत आलं. लाकूड एकेका पायरीवर वाजत वाजत खाली येत होतं. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा पायऱ्या मोजल्या नाहीत. आवाज त्यांच्या जवळून दाराबाहेर गेला. गार हवेची एक झुळूक तेवढी मागे राहिली.

वडील एवढंच म्हणाले, “केस तसेच आहेत त्याचे. मी म्हातारा झालो.”

बाकावर आकृती होती. चार खोल्या, विहीर, सभागृह, उतार दाखवणाऱ्या रेघा, दिशा, प्रमाण. पूर्वेला वाचनालयाचे नुसते चर, अजून भिंती नसलेले. सगळ्यांना आकडे, आणि कोपऱ्यात नेटकी सूची: एक, सभागृह. दोन, विहीर. असं करत आठपर्यंत. नववा आकडा मोठ्या चराच्या उत्तर टोकाला, एका बारीक ठिपक्यापाशी. सूचीत त्यापुढे लिहिलं होतं: ‘नऊ, मी.’

सोमवारी बाई ती आकृती घेऊन बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडे गेल्या. कुठून मिळाली ते सांगितलं नाही. अभियंत्यानं ती खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि खुर्चीतून उठलाच. “हे कुठे सापडलं तुम्हाला? वाचनालयाच्या पायाचे नकाशे आमच्याकडेसुद्धा नाहीत. मागच्या महिन्यात पाइपासाठी भोक पाडलं तेव्हा चराची एक बाजू हाती लागली. तंतोतंत हेच माप!” वाचनकक्षाच्या उत्तर कोपऱ्यात तसंही फरशी उकरायची होतीच. बाई म्हणाल्या, “मग या ठिपक्यापासून सुरुवात करा.”

तिसऱ्या दिवशी दुपारी काम थांबलं. अभियंत्यानं स्वतः येऊन बाईंना बोलावलं. काँक्रीटच्या कडेला, ढासळलेल्या मातीत, गुडघे पोटाशी घेतलेला एक सांगाडा होता. हाताच्या हाडांखाली पट्टी आणि झाकण नसलेलं पेन.

मग पोलीस आले, पंचनामा झाला, वर्तमानपत्रात आलं. वडिलांनी कुलसचिवांकडे जबाब लिहून दिला. कुलसचिव चष्मा पुसत म्हणाले, “सर, म्हणजे काय की, अकरा मिनिटांचं लिहिलंच पाहिजे का? आता कुणाला काय फरक पडतो?” वडील म्हणाले, “तेवढंच लिहायला आलोय. बाकीचं खोडलंत तरी चालेल.”

पत्ता शोधून काढायला आठ दिवस लागले. मुलाचे आईवडील कधीच गेले होते. धाकटी बहीण होती, त्र्याहत्तर वर्षांची. ती आपल्या लेकीबरोबर गाडीनं आली. वडील तिच्यासमोर उभे राहिले. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. अकरा मिनिटं होती आणि आपण ती दिली नाहीत, हेही सांगितलं. माफी मागितली नाही, कारण मागायला तोंड नाही असं ते आदल्या रात्री बाईंना म्हणाले होते.

म्हातारीनं ऐकून घेतलं.

“तुम्ही आमच्या वडिलांना म्हणाला होतात, वेळ संपेपर्यंत लिहीत होता,” ती म्हणाली. “वडील त्या एका वाक्यावर जगले. येईल त्याला सांगायचे, माझा मुलगा पळपुटा नव्हता, वेळ संपेपर्यंत लिहीत होता. चांगलं केलंत की वाईट, मला नाही सांगता येत. माझ्याकडून काही ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका.”

वडिलांनी मान हलवली. समोरचा चहा कुणीच घेतला नाही.

तिनं आकृती मागितली. कुलसचिवांनी तिच्यासाठी छायाप्रत काढून ठेवली होती. मूळ कागद विद्यापीठाच्या संग्रहात राहील, असा ठरावच झाला होता. बाईंनी दोन्ही कागद हातात घेतले, मूळ कागद म्हातारीला दिला आणि छायाप्रत कुलसचिवांच्या फाइलमध्ये ठेवली. कुलसचिवांनी तोंड उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि मिटलं.

बाई त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेल्या. म्हातारी पुढच्या सीटवर बसली, आकृती मांडीवर पसरली आणि लेकीला म्हणाली, “हळू घे. आधी सभागृहाकडून.” गाडी चालण्याच्या वेगानं आवारातून निघाली. काच खाली होती. म्हातारी सूचीवर बोट ठेवून एकेक आकडा मोठ्यानं वाचत होती आणि मान वर करून ती ती जागा बघत होती. विहिरीच्या जागी आता सायकलींचा तळ होता. तिथे तिनं गाडी थांबवायला लावली, बघितलं आणि पुढे निघाली. वाचनालयापाशी, नवव्या आकड्याला, गाडी पुन्हा थांबली. मुलं पुस्तकं घेऊन पायऱ्यांवरून चढत उतरत होती.

तिचा आवाज बाई उभ्या होत्या तिथवर येत नव्हता. ओठ तेवढे हलताना दिसले. लेकीनं गाडीचं इंजिन बंद केलं.